दोन पीळ

रात्री अकराला पोटात उजवीकडे
कुणीतरी ओला दोर पिळायला घेतला.
सतरावा आठवडा चालू होता.
तळाशीलला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी,
मधे वाळूची पट्टी आणि आम्ही.
डॉक्टर पलीकडे.

सासू म्हणाली, गुरवार बायलेन राती खाडी उतरू नये,
आणि म्हणता म्हणताच बॅटरी घेऊन
होडीत आधी तीच जाऊन बसली.
मेघनाथ वल्हवत होता.
वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला मी ओकत होते.
सर्जेकोटला रिक्षा, मग मालवण, मग कुडाळ.

सोनोग्राफीच्या पडद्यावर दोघं होती.
बाळ, आपल्याच कामात,
आणि शेजारी गाठ, नऊ सेंटिमीटर.

गाठ या शब्दाला मी कधी भ्याले नव्हते.
चौदाव्या वर्षापासून जाळी विणते,
दिवसाला हजारभर गाठी हातून जातात.
लग्नात उपरण्याला बांधली ती गाठ,
माहेरचं माणूस बाजारात भेटलं तरी गाठ पडली म्हणतो आपण.
ही कुणी मारली?

नेरूरकर बाईंनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं:
फळ, देठ, देठाला पीळ.
थांबलो तर फळ काळं पडेल.
दुर्बिणीतून करू, म्हणाल्या, तीन भोकं,
करंगळीसुद्धा जाणार नाही एवढी.
दुर्बीण म्हटल्यावर मला
मत्स्यखात्याची गस्तीची बोट आठवली.

आणि बाळ? मेघनाथनं भिंतीला विचारलं.
बाई खोटं बोलल्या नाहीत.
धोका आहे, थोडा. न करण्यात जास्त.
त्यानं सही केली तेव्हा
बाहीतलं खाडीचं पाणी कागदावर उतरलं,
नावातला घ पसरला.

टेबलावर मला डावीकडे कलती केली,
वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीसारखी.
सिस्टर फिलोमिना म्हणाली, आकडे मोज.
मी जाळ्याचे डोळे मोजायला लागले.
सहाव्या डोळ्यातून निसटले.

पुढचं मला माहीत नाही.
पुढचं मी तिसऱ्या दिवशी बाईंच्या मोबाईलवर बघितलं.
वाऱ्यानं शीड भरावं तसं पोट भरलेलं, आत लख्ख उजेड.
मधोमध गर्भाशय, गुलाबी, पाठ करून बसलेलं.
चिमटा त्याला वळसा घालून जातो,
झोपलेल्याच्या उशाशी चालावं तसा.
मग ते फळ. जांभळं, जवळजवळ काळं.
चिमट्यानं त्याला उलटं फिरवलं.
एकदा.
आणखी एकदा.
मग बराच वेळ कुणी काही करत नाही, नुसतं बघतात,
आणि जांभळ्यात कुठूनतरी तांबूस रंग चढू लागतो.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे सुंभ जळायच्या आत पीळ गेला.

फळ ठेवलं, गाठ तेवढी सोलून काढली.
पिशवीत घातली, तोंड आवळलं, पर्ससीनसारखं.
पर्ससीनवाल्यांविरुद्ध दोन मोर्चे काढलेला माझा नवरा
त्यावर एक अक्षर बोलला नाही.

गाठीत केस निघाले.
आणि एक दात.
सासूनं पदर तोंडाला लावला. बाई म्हणाल्या,
बाळाचा नाही, करणीचा नाही, हिचाच आहे,
वाट चुकलेला.

पोटापेक्षा खांदा दुखला दोन दिवस.
आत भरलेला वारा जायला वेळ घेतो म्हणे.
पण शुद्धीवर येताना आधी ऐकलं ते दुखणं नव्हतं.
सिस्टरनं पोटावर यंत्र टेकवलं होतं
आणि धुक्यात, लांबवर,
कुणाचंतरी आउटबोर्ड इंजिन चाललं होतं,
न अडखळता, एकशे अठ्ठेचाळीस.

आता आठवा महिना.
बेंबीतला व्रण हरवलाय, डावीकडचा पुसट,
उजवीकडचा पोटाबरोबर सरकत सरकत
जिथे लाथ बसते नेमका तिथे आलाय.
ओटी भरायला आलेल्या बायका विचारतात, दाखव गो.
मी दाखवते. हात लावून बघतात.

बाळाचा पहिला दात दिसेल तेव्हा घरात साखर वाटतील.
त्याच्या आधी एक येऊन गेला
हे त्याला सांगायचं की नाही,
अजून ठरलेलं नाही.